गाव ते तालुक्याची शाळा: पोरांसाठी पायी अन् सायकलचा सेफ रस्ता कसा आखायचा

मागच्या पावसाळ्यात माझी पुतणी सायकलवरून पडली. नववीत आहे, सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेली सायकल, रोज चार किलोमीटर जाते. मागून ट्रक आला, हॉर्न वाजवला, ही घाबरून डांबरावरून खाली उतरली अन् डांबर आणि साईडपट्टी यांच्यात वीतभर उतार, चाक तिरपं झालं अन् गेली. कोपर फुटलं, दप्तर गाऱ्यात. घरी सगळे ट्रकवाल्याला शिव्या देत होते, मी पण दिल्या. दुसऱ्या दिवशी तीच जागा पायी जाऊन बघितली तर लक्षात आलं की तो ट्रक आला नसता तरी महिन्याभरात कोणी ना कोणी तिथे पडलंच असतं, कारण दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, रस्ता उंच होत जातो अन् बाजूची पट्टी तिथेच राहते.

तेव्हापासून आम्ही चार-पाच जण या मागे लागलो. शहरात फूटपाथ, सायकल ट्रॅक यावर बोलायला लोक असतात, आपल्याकडे रस्ता म्हणजे गाडीचा, बाकीच्यांनी कडेने निघून जायचं असा हिशोब. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे पण वर्धा, अमरावती, बुलढाणा कुठेही परिस्थिती साधारण हीच. काय केलं, काय फसलं ते क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे: जिथे गाड्या जोरात जातात तिथे पोरांना वेगळा रस्ता पाहिजे, अन् जिथे वेगळा रस्ता होऊच शकत नाही तिथे गाडीचा वेग कमी झाला पाहिजे.

आधी चाला, मग अर्ज लिहा

सगळे पहिले अर्ज लिहितात. आम्ही पण लिहिला होता, "रस्त्यावर गतिरोधक व्हावा ही विनंती", खाली पन्नास सह्या. त्याचं पुढे काहीच झालं नाही, कारण कुठे, किती, कशासाठी हे त्यात नव्हतंच.

त्यामुळे पहिले चालायचं, तेही शाळेच्या वेळेला अन् पोरांसोबत. पोरांना पुढे घालायचं अन् आपण मागे राहायचं, सांगायचं काहीच नाही. ते कुठे रस्ता ओलांडतात, कुठे सायकलवरून उतरून ढकलतात, कुठे कुत्र्यांमुळे वळसा घेतात हे सगळं दिसतं. वर्षातून एकदा चालून भागत नाही. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे पहिली चक्कर जुलैच्या पावसात. दुसरी डिसेंबरात सकाळी, तेव्हा धुकं असतं अन् कापसाच्या गाड्या जिनिंगला चाललेल्या असतात. तिसरी मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटल्यावर, डोक्यावर ऊन घेऊन. एकच रस्ता तीन वेळा तीन वेगळे रस्ते वाटतात, खोटं नाही.

आणि प्रत्येक फाट्यावर खाली बसा. म्हणजे खरोखर उकिडवं बसा, चौथीच्या पोराची नजर जेवढ्या उंचीवर असते तेवढं. आमच्या फाट्यावर मला उभं राहून दोन्हीकडचा रस्ता स्वच्छ दिसत होता, बसलो तर उजवीकडे फक्त तूर! नोव्हेंबर-डिसेंबरात तूर डोक्याच्या वर जाते, वावर एकदम रोडला लागून, पोरांना गाडी दिसत नाही अन् ड्रायव्हरला पोरं दिसत नाहीत. ज्या काकांचं वावर आहे त्यांना तिथेच शेजारी बसवलं. दोन मिनिटं बघितलं अन् म्हणाले, "चार तासं (ओळी) तूर गेली तं गेली, पोट्टे दिसले पायजेत." यंदा त्यांनी फाट्याच्या कोपऱ्यात तुरीच्या जागी सोयाबीनच पेरलं, कमरेच्या वर जातच नाही. या पूर्ण खटाटोपात सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात कामाचं काम हेच झालं, ना टेंडर ना निधी.

हे सगळं एका जुन्या कॅलेंडरच्या मागे काढा. गाव, फाटा, पुलिया, बसथांबा, शाळा, अन् जिथे अडचण तिथे लाल गोल. गुगल मॅपचा प्रिंट पण चालतो पण त्यात पांदन (वावरांमधून जाणारी जुनी बैलगाडीची वाट) दिसत नाही अन् दिसली तरी जाता येते का ते कळत नाही.

वेग मोजायचा, अंदाजाने बोलायचं नाही

"गाड्या लई जोरात जातात" याला ऑफिसात काही किंमत नाही. आकडा पाहिजे, अन् आकडा काढायला मशीन लागत नाही. शाळेतून मोजटेप आणा, रोडच्या कडेला ५० मीटर मोजा, दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारा. आम्ही मारत होतो तर बसमधून एकाने विचारलंच, "काहून भाऊ, कबड्डी ठेवली का रोडवर?" मग एक जण झाडाखाली मोबाईलचा स्टॉपवॉच घेऊन बसतो. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की चालू, दुसरीवर आलं की बंद. १८० ला सेकंदांनी भागा, आला वेग. ३ सेकंद लागले म्हणजे ताशी ६०, साडेचार लागले तर ४०, ६ लागले तर ३०. तीसेक गाड्या मोजा, सकाळी पंधरा अन् शाळा सुटताना पंधरा. ड्रायव्हरला दिसेल असं हात हलवत उभं राहू नका, तो स्लो करतो अन् आकडा खोटा येतो.

वेगाच्या एवढं मागे का लागायचं? ३० च्या स्पीडला अचानक ब्रेक मारला तर गाडी साधारण १३-१४ मीटरमध्ये थांबते. ६० ला तीच गाडी पस्तीस मीटर घेते, ओला रोड अन् भरलेला ट्रक असेल तर त्याच्याही पुढे जाते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ३० ला धडक बसलेला पायी माणूस बहुतेक वेळा वाचतो, ६० ला वाचणं नशिबावर.

आता ओलांडायचा हिशोब. दोन लेनचा रोड ७ मीटर. लहान पोरगं सेकंदाला मीटरभर चालतं असं धरा, अधिक एक सेकंद ठरवायला, म्हणजे ८ सेकंद. ताशी ८० ची गाडी सेकंदाला २२ मीटर येते, आठ सेकंदांत पावणेदोनशे मीटर. म्हणजे जिथून पोरं ओलांडतात तिथून दोन्हीकडे पावणेदोनशे मीटर रोड दिसला पाहिजे. आमच्या फाट्यावर डावीकडे वळण आहे, पावलांनी मोजलं तर शंभर मीटरही भरलं नाही. म्हणजे पोरगं कितीही शहाणं असो, कितीही दोन्हीकडे बघो, त्या जागेवरून सेफ ओलांडताच येत नाही. "पोरांना शिस्त नाही" म्हणणाऱ्यांना आम्ही हाच हिशोब ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवला.

उपाय दोनच होते, वळण कमी करा (होणार नाही) नाहीतर ओलांडायची जागा सरकवा. दीडशे पावलं पुढे सरळ पट्टा होता, तिथे पलीकडून पांदन येऊन मिळते. तिथेच जागा ठरली.

पांदन: रस्ता आधीपासून आहे, फक्त बुजलेला

खरं सांगतो, विदर्भात अर्ध्या गावांना नवा रस्ता लागतच नाही. आपल्या बाप-आज्याच्या बैलगाड्या ज्या पांदनीने बाजाराला जायच्या त्या तालुक्यापर्यंत गाड्यांपासून लांबून जातात. आमचा डांबरी रस्ता चार किलोमीटर, त्यातला अडीच मोठ्या रोडवरून, अन् पांदनीने सव्वातीन, सगळा वावरातून. प्रॉब्लेम एवढाच की दोन्हीकडच्या धुऱ्यांनी (वावराच्या बांधांनी) सरकत सरकत ती गिळून टाकली अन् पावसात काळ्या मातीत पाय टाकला की चप्पल तिथेच राहते.

पहिलं काम म्हणजे गावनकाशा. तो भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात मिळतो, फी भरून नक्कल घ्या. नकाशात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा, तुटक एकच रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. तुमची पांदन नकाशात असेल तर अर्धी लढाई जिंकली. मग दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना नकाशा घेऊन घरी जाऊन भेटा. चावडीवर सगळ्यांसमोर विषय काढू नका, तिथे माणूस अडून बसतो. घरी चहा पिताना तोच माणूस म्हणतो, "सोयाबीन निघाल्यावर मोकळी करून देतो." आमच्याकडे सात जणांपैकी सहा असे तयार झाले. सातव्यासाठी तहसीलमध्ये जावं लागलं. आधीपासूनचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ लागतं, अन् रस्ताच नसेल, धुऱ्यावरून नवीन मागायचा असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. दोन्हीचा अर्ज तहसीलदारांकडेच, पण कलम चुकलं की तारखा वाया जातात, हे आमच्या बाबतीत झालं म्हणून ठळक सांगतो.

आता माती. काळ्या मातीवर सरळ मुरूम पसरला तर पहिल्या दोन पावसांत माती मुरूम गिळून टाकते, पैसे गेले. आधी दोन्हीकडे नाली खोदायची अन् निघालेली माती मधे टाकून रस्ता वावरापेक्षा उंच करायचा. त्यावर दगडाचा थर, त्यावर मुरूम, अन् प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा. मधे पाठ थोडी उंच, दोन्हीकडे उतार. जिथे पाणी आडवं जातं तिथे सिमेंटचा पाईप टाकाच, तो टाळला तर पूर्ण पांदन तिथूनच तुटते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली, आता कोणती योजना चालू आहे ते पंचायत समितीत विचारा, पण प्रस्तावात फक्त शेतमाल वाहतूक लिहू नका, किती पोरं शाळेत जातात तेही लिहा.

ट्रॅक्टर जाणारच, त्याच्या चाकोऱ्या पडणारच, अन् चाकोरीत सायकल गेली की हँडल हातात राहत नाही. म्हणून एका कडेला दीड-दोन मीटरची पट्टी बारीक मुरूम टाकून सायकलला ठेवली अन् तिच्या कडेने अंतरा-अंतराने चुना मारलेले दगड गाडले. नियम वगैरे काही नाही, पण ट्रॅक्टरवाला दगडावर चाक घालत नाही.

काटे! हे कुठल्याच गाईडमध्ये लिहिलेलं नसतं. रानडुकरांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण करतात, त्याचे फाटे पांदनीत पडतात अन् आठवड्याला दोन पंक्चर. पोरगी दोनदा पंक्चर झाली की तिसऱ्या दिवशी मोठ्या रोडने जाते, विषय संपला. कुंपणाचा काटा धुऱ्याच्या आत ओढून घ्यायला सांगा. झटका मशीनची (जनावरांना विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाची) तार पांदनीकडे लोंबत असेल तर ते त्याच दिवशी बघा, उद्यावर टाकू नका.

चंद्रपूर, गडचिरोलीकडे जंगलाला लागून गाव असेल तर पांदनीचा विचार वनविभागाला विचारूनच करा. वाघ-बिबट फिरतो तिथे झुडपी पांदनीपेक्षा मोकळा रोडच बरा.

मोठ्या रोडवरून जावंच लागतं तिथे

तेवढ्या पट्ट्यात तीन गोष्टी मागायच्या. पहिली साईडपट्टी भरणे, डांबराच्या बरोबरीने मुरूम टाकून दाबलेली, कमीत कमी दीड मीटर. हा शब्द असाच लिहा, "साईडपट्टी भरणे", ऑफिसात हाच चालतो. दुसरी, कडेची पांढरी पट्टी अन् रिफ्लेक्टरवाले स्टड. तिसरी, ओलांडायच्या जागेआधी गाडी स्लो होईल असं काहीतरी.

या काहीतरीत आम्ही मोठी चूक केली, ती सांगतो. अर्जाला उत्तर येत नाही म्हणून वैतागून गावातल्या पोरांनी रात्रीतून सिमेंटचा ब्रेकर टाकला. उभट, फूटभर रुंदीचा, ना रंग ना बोर्ड. तिसऱ्याच दिवशी आमच्याच गावचा एक जण मोटरसायकलवर अंधारात त्याच्यावरून उडाला, खांदा मोडला. दुसऱ्या दिवशी आम्हीच घण घेऊन फोडला. ब्रेकरचं माप ठरलेलं आहे, इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोलाकार ब्रेकर ३.७ मीटर रुंद अन् मधे फक्त १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, म्हणजे ताशी २५ ने गेलं तर धक्का बसत नाही अन् ६० ने गेलं तर बसतो. ४० मीटर आधी बोर्ड, वरती पांढऱ्या पट्ट्या. नॅशनल हायवेवर ब्रेकर सहसा देतच नाहीत, तिथे रंबलर पट्ट्या (गाडी खडखडवणाऱ्या जाड रेघा), पिवळा ब्लिंकर, सर्व्हिस रोड किंवा खालून बोगदा मागा. आमच्या जिल्ह्यातून नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा असा ४४ नंबरचा हायवे जातो, त्याच्या कडेच्या गावांनी ब्रेकर मागण्यात वर्ष घालवू नये. समृद्धी महामार्गावर तर पायी, सायकल, मोटरसायकल काहीच चालत नाही, त्यामुळे तिथे फक्त खालून जायला बोगदा कुठे आहे अन् त्यात पावसाचं पाणी साचतं का एवढंच बघायचं.

तालुक्यात शिरल्यावर

इथे वेग कमी, गर्दी जास्त. आयआरसी १०३ प्रमाणे फूटपाथवर चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर पाहिजे, आमच्या तालुक्यात फूटपाथवर रसवंती आहे. भांडून उपयोग नाही, बाजाराचा दिवस सोडून बाकी दिवस मागच्या गल्लीतून सायकली न्यायच्या असं ठरलं. बसस्टँडचं गेट ही सगळ्यात खराब जागा, एसटी रिव्हर्स घेताना मागचं दिसत नाही. शाळेच्या गेटवर मात्र मुख्याध्यापकांना भेटून एक काम करून घ्या, पायी अन् सायकलवाली पोरं दहा मिनिटं आधी सोडायची, मग मोटरसायकलवाले पालक अन् ऑटो.

कोणाचा रस्ता आहे ते आधी शोधा

आमचा अर्ज आठ महिने एका ऑफिसातून दुसऱ्यात फिरला, कारण रस्ता त्यांचा नव्हताच. साधारण असं आहे: गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा, ग्रामीण अन् इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग अन् राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामचे, नॅशनल हायवे केंद्राचा. किलोमीटरच्या दगडावर बघा, हायवेचा वरचा भाग पिवळा असतो, राज्य मार्गाचा हिरवा.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी पुढे असेल ती. विषय आधी लेखी द्या, आयत्या वेळी काढला तर "पुढच्या वेळी घेऊ". ठरावात जागा (किलोमीटर नंबर अन् कोणाच्या वावरासमोर), तुमचे मोजलेले वेग, पोरांची संख्या अन् नेमकं काय पाहिजे ते लिहा. ठरावाची नक्कल अन् फोटो लावून अर्ज द्या, पोच घ्या. महिनाभर हललं नाही तर माहिती अधिकारात विचारा की अर्जावर काय कार्यवाही झाली, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलंय, रस्त्याची डिझाईन अन् देखभाल ठरलेल्या स्टँडर्डप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी म्हणून नाही, शेवटच्या ओळीत नुसता उल्लेख करा, फाईल वरती येते. इंजिनीअर साहेबांना एकदा शाळेच्या वेळेला फाट्यावर बोलवा. आमच्याकडे आले ते स्वतःच दोन मिनिटं रस्ता ओलांडू शकले नाहीत, त्यानंतर जास्त बोलावं लागलं नाही.

पोरं अन् सायकली

पायी असाल अन् फूटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसते. सायकल मात्र डाव्या कडेनेच, एकामागे एक. ओलांडताना उतरून, ढकलत. महिन्यातून एकदा शाळेच्या ग्राउंडवर ब्रेक चेक, आमच्याकडे पहिल्या वेळी निम्म्या सायकलींचा मागचा ब्रेक नुसता नावाला होता. रिफ्लेक्टरची लाल टेप मागच्या मडगार्डला अन् पांढरी पुढे, उरलेली गावातल्या बैलगाड्या अन् ट्रॉल्यांच्या मागे लावून टाका. पांढरा शर्ट सकाळच्या धुक्यात दिसतो पण त्यावर काळं दप्तर आलं की गायब, टेपचा एक तुकडा दप्तरावर.

सावली विसरू नका. एप्रिलमध्ये ४३-४४ डिग्रीत पोरगी सावली असलेला रस्ताच धरते, मग तो मोठा रोड का असेना. कडुनिंब, करंज लावा, रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेच्या कडेला, पण फाट्यावर अन् वळणावर नाही. पहिली तीन वर्षं पाणी कोण घालणार हे नावानिशी ठरवूनच खड्डे करा, नाहीतर नुसते खड्डे राहतात अन् त्यात सायकल जाते.

रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी चाललं असेल तर त्या दिवशी शाळा नाही, हे शाळेशी आधीच बोलून ठेवा म्हणजे पोरं हजेरीसाठी पाण्यात शिरत नाहीत. रपट्याच्या दोन्ही कडेला खांब रंगवा, पाणी लाल पट्ट्याला लागलं की परत फिरायचं.

पुतणी आता पांदनीनेच जाते. परवा म्हणाली, काका पाईपाजवळ मुरूम वाहून गेला, सायकल उतरून न्यावी लागते. दोन घमेली मुरूम टाकून आलो, तिथे अजून एक पाईप लागेल असं दिसतंय.